बाबांची कावीळ उतरेपर्यंत थांबायचं की लगेच कापायचं?

पत्र कळव्याच्या एका लेकीचं आहे, नाव छापू नका म्हणालीये. थोडक्यात देते. वडील ६३ वर्षांचे, रिटायर्ड, शुगर आहे पण गोळ्यांवर ठीक. दिवाळीनंतर डोळे पिवळे झाले, लघवी गडद, शौचाचा रंग मातकट, आणि अंगाला अशी खाज की रात्र रात्र झोप नाही. पोटात मात्र दुखत नाही. काकांनी आधी कल्याणच्या पुढच्या एका गावातून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून दिलं, त्यात तीन आठवडे गेले आणि बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, १८ वर पोचलं. मग सोनोग्राफी, मग एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय. रिपोर्टात लिहिलंय, हायलर स्ट्रिक्चर, क्लॅटस्किन ट्यूमरची शक्यता, बिस्मथ टाइप थ्री ए. एक डॉक्टर म्हणतात उद्याच स्टेंट, म्हणजे पित्तनळी उघडी ठेवणारी बारीक नळी, आत टाकून घ्या. दुसरे म्हणतात ऑपरेशन होऊ शकतं, पण सहा-आठ आठवड्यांनी, आधी नळी टाकून कावीळ उतरवायची, मग लिव्हरची एक शीर बंद करायची, मग ऑपरेशन. पोरीचं म्हणणं असं, "मावशी, तेवढ्या वेळात कॅन्सर पसरला तर? बायोप्सी न करताच अर्ध्याहून जास्त लिव्हर काढतो म्हणतात, हे बरोबर आहे का? काका म्हणतात चाकू लागला की कॅन्सर पसरतो. पुण्याचा भाऊ म्हणतो बाबांना काही सांगायचं नाही. खर्चाचं काय? आणि बाबा खाडीचे मासे खूप खायचे, त्याने झालं असेल का?"

अगं, किती प्रश्न एका दमात. पण बरं केलंस लिहिलंस.

आधी एक सांगून ठेवते, मी सर्जन नाही. नोकरी सगळी पोटाच्या सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून गेली, आता ऐरोलीत घरी आहे. त्यामुळे बाबांचे स्कॅन बघून ऑपरेशन होईल की नाही ते मी सांगू शकत नाही आणि सांगणार पण नाही. पण या आजारात काय आधी करायचं आणि काय नंतर, यात लोकांचं किती नुकसान होतं ते डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तेवढं नक्की सांगते.

तर उद्याच्या स्टेंटला तूर्तास नाही म्हण. कायमचं नाही, फक्त ट्रायफेजिक सीटी, म्हणजे औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेला लिव्हरचा सीटी, होऊन लिव्हरच्या सर्जनने तो बघेपर्यंत. एकच गोष्ट वेगळी, बाबांना थंडी वाजून ताप आला, ग्लानी आली, बीपी पडलं तर मात्र थांबायचं नाही, मग जिथे असाल तिथे पित्त मोकळं करून घ्यायचं. तसं काही नसेल तर दोन-चार दिवस स्कॅनसाठी घालवले तर काही बिघडत नाही, उलट फायदाच आहे.

का ते सांगते. लिव्हरच्या उजव्या भागातून एक पित्तनळी येते, डाव्या भागातून एक, आणि दोन्ही मिळून खाली जाणारी मोठी नळी होते. आपला ठाण्याचा तीन हात नाका समज, आणि बरोब्बर त्या नाक्यावर ट्रक आडवा पडलाय. ट्रक छोटाच असतो, कधीकधी जेमतेम दोन सेंटिमीटरचा, पण दोन्हीकडची वाहतूक तुंबते, म्हणून गाठ लहान असतानाच एवढी कावीळ दिसते. क्लॅटस्किन हे येलच्या एका डॉक्टरचं आडनाव, त्यांनी १९६५ मध्ये असे १३ पेशंट एकत्र मांडले तेव्हापासून हे नाव चिकटलं. आणि बिस्मथचा टाइप म्हणजे गाठ नाक्यापासून कुठल्या बाजूला किती आत शिरलीये त्याचं मोजमाप. थ्री ए म्हणजे उजवीकडे आत गेलीये, डावीकडे नाही. म्हणजे ऑपरेशन झालंच तर साधारणपणे उजवं लिव्हर जाणार आणि बाबा डाव्यावर जगणार.

आता हे लक्षात ठेवून स्टेंटकडे बघ. स्टेंट कुठल्या बाजूला टाकायचा? जी बाजू राहणार आहे तिथे, म्हणजे बहुतेक डावीकडे. घाईत कोणी उजवीकडे टाकला तर जी बाजू काढून फेकायची तीच मोकळी झाली आणि जी ठेवायची ती तुंबलेलीच राहिली. वरून ईआरसीपी करताना, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट टाकताना, फोटोसाठी सोडलेला डाय ज्या नळ्यांत जातो आणि परत बाहेर येत नाही तिथे इन्फेक्शन व्हायची भीती, त्याला कोलँजायटिस म्हणतात, आणि या आजारात ऑपरेशनच्या आधी माणूस खचतो तो बरेचदा त्यानेच, कॅन्सरने नाही. शिवाय एकदा नळीत स्टेंट गेला की आसपास सूज येते, मग सीटीत गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते ते नीट कळत नाही. म्हणून आधी फोटो, मग नळी. मेटलचा स्टेंट तर ऑपरेशन होणार नाही हे पक्कं झाल्याशिवाय टाकू द्यायचाच नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली नळी बहुतेक पीटीबीडी असणार, म्हणजे बाहेरून बरगड्यांच्या खालून किंवा मधून सुई घालून लिव्हरमधल्या पित्तनळीत बारीक नळी सोडतात आणि पित्त पिशवीत येतं. काही ठिकाणी हेच काम एंडोस्कोपीने करतात, सेंटरप्रमाणे पद्धत बदलते, त्यावर भांडत बसू नकोस. नळीआधी रक्त गोठण्याची तपासणी करतील, व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतील, कारण पित्त आतड्यात पोचत नसेल तर ते व्हिटॅमिन अंगात शोषलंच जात नाही. दात घासताना रक्त येतंय का बाबांच्या? येत असेल तर सांगा तिथे.

नळी टाकल्यावर घरी खरी ड्यूटी तुझी आहे. पिशवीत दिवसाला किती पित्त आलं ते वहीत लिहायचं, रंग लिहायचा, सलाइनने फ्लश करायला वॉर्डातून नीट शिकून यायचं, जबरदस्तीने ढकलायचं नाही. अचानक पित्त थांबलं तर नळी सरकली किंवा बुजली असं समजायचं. पित्ताबरोबर मीठ-पाणी भरपूर बाहेर जातं, त्याने माणूस सुकतो, किडनीवर ताण येऊन क्रिएटिनिन वाढतं. जपानमध्ये काही सेंटरला ते पित्त गाळून पेशंटलाच परत प्यायला देतात, ऐकून तोंड वाकडं करू नकोस, पोट आणि ताकद दोन्हीला त्याचा फायदा होतो. आपल्याकडे निदान पाणी, ताक, ओआरएस किती द्यायचं ते विचारून घे, शुगर आहे म्हणून मनाने काही नको.

तुझा मोठा प्रश्न, तेवढ्यात पसरला तर.

हे बघ, खोटं सांगणार नाही, या आठवड्यांत काही पेशंटचा आजार पुढे जातो. पण बिलिरुबिन १८ असताना उजवं लिव्हर काढायला घेतलं तर टेबलावरून उतरलेला माणूस लिव्हर फेल होऊन जायची शक्यता त्यापेक्षा खूप मोठी. पित्त तुंबलेलं लिव्हर सुजलेलं, थकलेलं असतं. त्यातला मोठा भाग काढला आणि उरलेल्याने काम उचललं नाही तर मागे फिरायला जागा नसते, कापलेलं परत लावता येत नाही. धडधाकट माणसाचं २० टक्क्यांच्या वर लिव्हर राहिलं तरी चालतं म्हणतात, पण अशी कावीळ होऊन गेलेल्याचं ३०-४० टक्के तरी राहावं असं बघतात. आणि डावी बाजू साधारणपणे एकूण लिव्हरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते, कोणाची त्याहून कमी. हिशोब कळला ना, काठावर आहे.

म्हणून ती शीर बंद करायची भानगड. पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन. पोर्टल म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर, तिची उजव्या बाजूला जाणारी फांदी आतून बुजवतात, सगळं रक्त डावीकडे वळतं, आणि डावं लिव्हर तीन ते सहा आठवड्यांत वाढतं. खरंच वाढतं, लिव्हरला तो गुण आहे, मग परत सीटी करून ते किती झालं ते मोजतात. १९८० च्या दशकात जपानमध्ये माकुउची आणि त्यांच्या टीमने हे याच जागेच्या कॅन्सरसाठी सुरू केलं. तेव्हा दुसरे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत, ते ऑपरेशनचा पहिला अर्धा भाग सांगतायत. बिलिरुबिन ३ च्या आसपास किंवा खाली यायची वाट बघतात बहुतेक जण. मला विचारशील तर जो सर्जन एवढ्या काविळीत "परवा घेऊ" म्हणतो त्याची मला जास्त भीती वाटते.

आणि हे आठवडे नुसते बसून काढायचे नाहीत. आपल्याकडे कावीळ म्हटलं की तेल बंद, तूप बंद, हळद बंद, फक्त उसाचा रस आणि भाजके चणे. ते पथ्य इथे लावू नका गं! आधीच वजन उतरलंय, त्यात महिनाभर असं ठेवलं तर ऑपरेशनला माणूस उभा राहायचा नाही, आणि शुगरवाल्याला उसाचा रस काय देताय. अंडी, पनीर, डाळ, मासे, दही, झेपेल तसं थोडं थोडं पाच-सहा वेळा, डाएटिशियनला भेटून घ्या. रोज चालणं, घराखाली नाहीतर तलावपाळीला सकाळी गर्दी नसते तेव्हा, पिशवीवर सैलसा शर्ट घालून. फुंकायला-ओढायला मिळतं ते तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र आत्ताच आणून सवय लावा, ऑपरेशननंतर दुखत असताना शिकणं जमत नाही. तंबाखू, मशेरी जे काही असेल ते आजपासून बंद. खाजेसाठी औषधं आहेत, डॉक्टरांकडे मागा, लोक लाजून सांगत नाहीत आणि खाजवून जखमा करून घेतात, नखं कापून ठेवा. झाडपाला थांबवा, आणि काय दिलं होतं ते लपवू नका, काही काही पाल्यांनी लिव्हर आणखी बिघडतं, डॉक्टरांना माहीत असायला हवं. काकांशी मात्र भांडू नको, प्रेमापोटीच केलं त्यांनी.

बायोप्सीचं. हा प्रश्न सगळे विचारतात आणि विचारायलाच हवा. या जागी सुईने किंवा ब्रशने तुकडा मिळवणं अवघड, ब्रशचा रिपोर्ट कॅन्सर असूनही निगेटिव्ह येतो, तोही जवळजवळ निम्म्या वेळा. म्हणून निगेटिव्ह आला तरी 'नाही' असं कोणी म्हणत नाही, आणि स्कॅन, लक्षणं, रक्ताचे रिपोर्ट सगळं एका दिशेला बोट दाखवत असेल तर सर्जन बायोप्सीविना ऑपरेशन करतात, जगभर करतात. त्यात थोड्या लोकांचा निकाल शेवटी 'कॅन्सर नव्हता' असाही येतो, हे मान्य करूनच. पण एक विचारून घे, आयजीजी फोर ची रक्ततपासणी केली का. हुबेहूब असाच दिसणारा एक आजार असतो जो स्टिरॉइडच्या गोळ्यांनी उतरतो. शक्यता कमी आहे, उगाच आशा लावून बसू नको, पण तपासून घ्यायलाच हवी. आणि पित्ताशयाचा कॅन्सर वर चढून असाच नाका अडवतो, तो नाहीये ना हेही सर्जनच्या तोंडून ऐकून घे, कारण त्याचं पुढचं गणित वेगळं असतं.

सीए नाइंटीन नाइन, म्हणजे कॅन्सरच्या शंकेत करतात ती रक्ततपासणी, तिचा आकडा मोठा आला म्हणून पत्राच्या शेवटी लिहिलंयस की हातपाय गळाले. तो नुसत्या काविळीने आणि इन्फेक्शननेही भरमसाठ वाढतो. कावीळ उतरल्यावर परत करा, तो आकडा खरा धरायचा.

पोटावरून सुई घालून गाठीची बायोप्सी करू म्हणालं कोणी तर आधी मोठ्या सेंटरला विचारल्याशिवाय हो म्हणू नको. काकांच्या बोलण्यात तथ्य शोधायचंच तर ते एवढंच आहे, सुईच्या वाटेने पेशी सांडू शकतात. ज्यांची गाठ काढता येत नाही पण लहान आहे, तीन सेंटिमीटरच्या आत, आणि बाहेर कुठे पसरलेली नाही, अशा मोजक्या पेशंटना आधी केमो-रेडिएशन देऊन मग लिव्हर ट्रान्सप्लांट करतात, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ती पद्धत बसवली, आणि अशी सुई घातलेली असेल तर तो दरवाजा बंद होतो. बाकी चाकू लागला की पसरतो हे काही खरं नाही. या कॅन्सरमध्ये बरं होण्याची खरी संधी असेल तर ती चाकूतच आहे, केमोने एकट्याने तो जात नाही.

ऑपरेशन नेमकं काय, हेही ऐकून ठेव म्हणजे कन्सेंटच्या दिवशी चक्कर येणार नाही. नाक्यावरची आणि खालची पित्तनळी काढतात, पित्ताशय काढतात, उजवं लिव्हर, त्याबरोबर मागचा कॉडेट लोब नावाचा छोटा तुकडा कारण त्याच्या बारक्या नळ्या तिथेच उघडतात आणि कॅन्सर त्यात लपतो, आजूबाजूच्या लसिका गाठी. मग आतड्याचा एक लूप वर आणून डाव्या लिव्हरच्या नळीला शिवतात. मध्येच नळीची कड पॅथॉलॉजीला पाठवून कॅन्सर उरला नाही ना ते बघतात. सात-आठ तास सहज जातात, जास्तही, बाहेर बसलेल्यांनी डबा खाऊन घ्यायचा. कधी आधी दुर्बीण घालून बघतात आणि आत पसरलेलं दिसलं तर तिथेच थांबतात. "उघडून बंद केलं" हे ऐकायची मनाची तयारी ठेवायला लागते, स्कॅनमध्ये सगळं दिसतंच असं नाही.

धोका किती? मोठं ऑपरेशन आहे, पोटाच्या सर्जरीतलं सगळ्यात अवघड म्हटलं तरी चालेल. पहिल्या ९० दिवसांत दगावण्याचं प्रमाण वेगवेगळ्या सेंटरमध्ये साधारण ५ ते १५ टक्के, जपानच्या मोठ्या सेंटरमध्ये त्याहून कमी. पित्त गळणं, इन्फेक्शन, लिव्हर मंदावणं, यातलं काहीतरी बऱ्याच जणांना होतं आणि महिनाभर मुक्काम लांबतो. सगळं नीट निघालं, कडेला कॅन्सर उरला नाही, तर पाच वर्षांनी जिवंत असणारे साधारण चौथा हिस्सा ते ४० टक्के. कमी वाटतंय ना. पण न काढता आलेल्यांत बहुतेक जण वर्ष-दीड वर्षात जातात, त्याच्या शेजारी ठेवून बघ हा आकडा. ऑपरेशननंतर सहा महिने कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या देतात बहुधा, २०१९ मध्ये आलेल्या ब्रिटनच्या मोठ्या ट्रायलनंतर ती पद्धत पडली. आणि नाहीच काढता आलं तर जेमसिटाबिन-सिसप्लॅटिनची केमो, त्याला आता ड्युरव्हॅलुमॅब या इम्युनोथेरपीची जोड देतात, आणि तेव्हा मेटलचा स्टेंट. म्हणजे तेव्हाही हात वर करून घरी पाठवत नाहीत.

म्हणूनच सेंटर बघून जा. नेहमीचे ओळखीचे सर्जन कितीही चांगले असले, हर्निया झकास केला असला, तरी हे काम लिव्हर आणि पित्तनळीचंच रोज करणाऱ्यांचं आहे, आणि त्यांच्या जोडीला सुई-नळीवाला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट त्याच बिल्डिंगमध्ये हवा. सरळ विचार, अशा केस वर्षाला किती करता, त्यातले किती घरी गेले. चिडले तर उठून ये. परळचं टाटा तुम्हाला कळव्याहून स्लो लोकलने एका दमात आहे, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक त्यांचंच, ठाण्याहून पनवेल गाडी, कुठे बोलावतील ते रजिस्ट्रेशननंतर तेच सांगतात. गर्दी असते, पहाटे निघा. एमआरसीपी आणि सीटीची सीडी बरोबर हवी, नुसता कागद नको, सर्जनला फिल्म स्वतः बघायची असते.

खर्चाचं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, रेशन कार्ड आणि आधार दोन्हीवर नावं सारखी आहेत का ते आजच बघ, तिथेच लोक अडकतात. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिशनच्या आधी त्याला भेट, नंतर नाही. पीटीबीडी, शीर बुजवणं आणि मुख्य ऑपरेशन तिन्ही कशात बसतं आणि काय खिशातून, हे वेगवेगळं विचार. कमी पडलं तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, टाटामध्ये मेडिकल सोशल वर्करला भेटलीस तर ट्रस्टचे रस्तेही ते सांगतात. प्रायव्हेटला गेलात तर एस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात आयसीयूचे किती दिवस धरलेत ते बघा.

भावाचं. त्याचा हेतू कळतो, पण मला ते पटत नाही. कन्सेंटवर सही बाबांची लागणार. पिशवी त्यांच्या अंगाला लटकणार, सहा आठवडे जेवायचं-चालायचं त्यांना, आणि टाटाच्या गेटमधून आत गेलेल्या माणसाला काय झालंय ते न कळायला तो काय लहान आहे? न सांगता नेलेत तर बाबा एकटेच मनात हिशोब करत बसतील आणि तुमच्यासमोर काही माहीत नसल्याचं नाटक करतील, अशी घरं खूप बघितली मी. आकडे नका सांगू त्यांनी विचारल्याशिवाय. पित्ताच्या नळीत गाठ आहे, कॅन्सरची दाट शंका आहे, काढता येईल असं डॉक्टरांना वाटतंय, त्याआधी तयारीला दीड-दोन महिने लागणार आणि त्यात तुमची मदत हवी, एवढं तू सांग. भाऊ पुण्याहून येईपर्यंत थांबायचं तर शनिवारपर्यंतच थांब.

राहिले मासे. मासे आणि पित्तनळीच्या कॅन्सरचा संबंध थायलंडकडे आहे, तिथे गोड्या पाण्यातले मासे कच्चे खातात आणि त्यातून लिव्हरचा एक कृमी पोटात जातो. आपण खाडीचं असो की समुद्राचं, शिजवून-तळून खातो, त्यामुळे तो ठपका माशांवर ठेवू नका. पित्तनळ्यांचा जुना आजार, नळीत वर्षानुवर्षे खडे, जन्मजात फुगलेली पित्तनळी, अशी काही कारणं माहीत आहेत, पण बहुतेकांच्यात कारण सापडतच नाही. घराण्यातून येणारा आजार हा सहसा नाही, तेव्हा तू आणि भावाने घाबरून तपासण्या करत सुटू नका. आणि बाबांना मांदेलीचं कालवण खावंसं वाटत असेल तर खुशाल द्या, तिखट जरा कमी करून, प्रोटीनच आहे ते.